दाराखालून पाणी आणि वारं येतंय, काय करू?

रंकाळाकर: पश्चिमेचं लाकडी दार हाय, जोराचा पाऊस लागला की खालच्या फटीतनं पाणी आत आणि रात्रभर वाऱ्याची शिट्टी, पायपुसणं कोंबून कोंबून कटाळा आला, कायतरी पक्कं सांगा की.

तांबडापांढरा: भावा, खाली अॅल्युमिनियम पट्टीचं रबर लाव, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात बघ. स्क्रूचंच घे, चिकटवायचं ओल्या लाकडावर टिकत न्हाई. कडेला फोम नको, पाणी पितोय, रबरी पट्टी मार.

पेठकर: आणि आत्ता दार फुगलंय म्हणून लगेच रंधा मारू नको, उन्हाळ्यात आकसलं की फट अजून वाढणार. पाऊस गेल्यावर दार उतरवून खालच्या कडेला ऑइल पेंट दे, सुतार तेवढंच सोडतात.

रंकाळाकर: उंबरा सपाट हाय, चालंल?

पेठकर: न्हाई, गवंड्याकडनं बाहेर ढाळ काढून घे आधी.