हे फॅड नाहीये

वर कोणीतरी लिहिलंय की गाई-शेळ्यांसोबत राहून मन बरं होतं हे आजकालचं फॅड आहे. अहो नाही, इंग्लंडात यॉर्कला १७९६ साली मनोरुग्णांसाठी 'रिट्रीट' नावाचं रुग्णालय सुरू झालं तिथे अंगणात ससे-कोंबड्या पाळत होते, पेशंटना त्यांचा लळा लागावा म्हणून, आणि नेदरलँड्समध्ये आज केअर फार्म, म्हणजे शेती-जनावरांच्या सोबतीने लोकांना आधार देणारी शेतं, चालतात. इंदूरला आमच्या सासूबाई, सासरे गेल्यावर बोलेनाशा झालेल्या, बायपासपलीकडे ओळखीच्यांच्या गोठ्यावर जायला लागल्या, गळ्याखाली खाजवलं की गाय मान लांब करून डोळे मिटते, मग ह्या तिच्याशी तासभर बोलत बसायच्या, कारण तिथे 'आता सावरा' म्हणणारं कोणी नाही ना! डॉक्टरांची औषधं चालूच ठेवा हं. आणि गोठ्यातून आल्यावर हात साबणाने धुवा, कच्चं दूध तर अजिबात नको, ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार, होऊ शकतो.