निळ्या पॉपीचं बी घरी आणण्याबद्दल

एकाने विचारलंय की उत्तराखंडच्या हिमालयातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समधून निळ्या पॉपीचं बी आणून पुण्यात गच्चीवर लावता येईल का. कृपया आणू नका. मेकोनॉप्सिस अ‍ॅक्युलिएटा ही निळी पॉपी साधारण ३००० ते ४००० मीटर उंचीवरची. तिला दगडांच्या कपारीतली गार, ओलसर पण पाणी न साचणारी माती लागते. आपल्याकडच्या उकाड्यात रोप उगवलंच तरी बुडाशी कुजतं. त्यात ती काही वर्षं नुसता पानांचा झुपका धरून राहते, एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. फूल तोडलं की त्या झाडाचं बीच गेलं!

बघायला मात्र जुलै-ऑगस्टमध्ये जरूर जा. चुरगळल्यासारख्या तलम आकाशी पाकळ्या, मधे पिवळ्या पुंकेसरांचा दाट गुच्छ, आणि देठापासून बोंडापर्यंत पिवळसर ताठ काटे. ते टोचतात, हात लावू नका.