मदत हवी आहे: बिडाच्या तव्याची कड चिकटच राहतेय

जुना बिडाचा तवा आहे, सपाट, १२ इंची. गंज काढायला व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन अर्धा तास बुडवला, तारेच्या घासणीने घासला आणि लगेच गॅसवर कोरडा केला. मग अन्न चिकटू नये म्हणून तेलाचा भाजलेला थर बसवायला सूर्यफुलाचं तेल लावून, फडक्याने जवळपास सगळं पुसून, धूर थांबेपर्यंत तापवला. असे ४ हात झाले.

मधला भाग छान काळा, गुळगुळीत झालाय. अंडंही अलगद सुटतं. कडेची दोनेक इंचाची पट्टी मात्र तपकिरी आणि चिकट, नख लावलं की ओरखडा उठतो. तेल जास्त झालं म्हणावं, तर मध्येही तेवढंच होतं. बर्नर लहान असल्याने कडेचं तेल पुरतं भाजलं जात नसावं. तवा सरकवत प्रत्येक बाजू १० मिनिटं तापवली, फरक थोडाच पडला. आच एकदम वाढवत नाही, बीड असमान तापलं की तडकतं.

ओव्हन नाही, चूल पेटवायला जागा नाही. जवसाचं तेल नको, त्याचे पापुद्रे सुटतात.

मधल्या थराला धक्का न लावता फक्त कड घासून पुन्हा तेल देता येईल का, की सगळाच थर काढून तवा पुन्हा कोरा करावा लागेल? आणि गॅसवर कडेपर्यंत उष्णता पोचवायला तवा उपडा ठेवायचा की वरून झाकायचा?