युद्ध, चित्रपुस्तकं आणि पाच-सात वर्षांची पोरं (अनुभव धागा)

जाईजुई:
नेहरूंनी टोकियोच्या मुलांना पाठवलेल्या इंदिरा हत्तिणीचा जुना फोटो आज समोर आला आणि तिथल्या उएनो प्राणिसंग्रहालयाची गोष्ट आठवली: दुसऱ्या महायुद्धात हुकुमावरून तिथले प्राणी मारले, तिन्ही हत्ती उपाशी ठेवून. युद्धावरची चित्रपुस्तकं लहानांना वाचून दाखवताना काय जमतं, काय फसतं, लिहा. आधी स्वतः मोठ्याने वाचून घड्याळ बघा. पाच वर्षांच्यांची दहा मिनिटांपुढे चुळबुळ सुरू होते. रात्री नको, सकाळी वाचा, म्हणजे प्रश्न दिवसाउजेडी निघतात.

खडूफळा:
उएनोच्या गोष्टीत गोची आहे. चित्रात वर बॉम्ब आणि खाली उपाशी हत्ती असं एकत्र दिसलं तर थांबा. हत्ती मेले ऑगस्ट-सप्टेंबर १९४३ मध्ये. एप्रिल १९४२चा एक हल्ला सोडला तर टोकियोवर बॉम्ब पडायला लागले नोव्हेंबर १९४४पासून. प्राणी मारायचा हुकूम त्याच्या वर्षभर आधीचा. आठ वर्षांचं पोर हे बरोब्बर पकडतं. त्यात ४ सप्टेंबरला मारलेल्या प्राण्यांच्या श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला तेव्हा तिघांपैकी दोन हत्तिणी आत जिवंत होत्या, उपाशी. हे दहाच्या पुढच्यांनाच.

निशिगंध_७:
बापरे, ४ सप्टेंबरचं माहीत नव्हतं. कुकर लावलाय, येते.

भटकभवानी:
मग नागोयाचंही सांगा की. तिथल्या हिगाशियामा प्राणिसंग्रहालयातले दोन हत्ती वाचले, आणि १९४९ मध्ये ते बघायला मुलांसाठी खास हत्ती-रेल्वे सोडल्या. मुलं हाच भाग पुन्हा वाचायला लावतात. इंदिरा त्याच वर्षी सप्टेंबरात पोचली, १९८३पर्यंत जगली.

खडूफळा:
+१. पण आधी मेलेले, मग वाचलेले. उलट केलं तर पहिली गोष्ट कुणी ऐकत नाही.

शाईपेन:
हिरोशिमाच्या सादाकोबद्दल, हजार कागदी पक्षी केले की इच्छा पुरी होते म्हणून दवाखान्यात ते घडवणारी मुलगी. अणुबॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची, आजारी पडली बाराव्या वर्षी. मुलांना हे मधलं अंतरच कळत नाही, बॉम्ब म्हणजे लगेच धडाम. कागदाच्या पट्टीवर १९४५ ते १९५५ चौकटी आखा. अकरा हव्यात, दहा आखल्या की एक वर्ष गायब. ६४४ पक्षी झाले आणि ती गेली असं गोष्टींत येतं, पण हिरोशिमाच्या संग्रहालयाच्या म्हणण्यानुसार तिने हजार ओलांडले होते. मग 'हजार झाले तरी बरी का नाही झाली?' येणारच. तिथे घाईने पान उलटू नका. हा आजार (रक्ताचा कर्करोग) तेव्हा बरा करता येत नव्हता, एवढंच.

मिसळपाव_नको:
आणि त्या पक्ष्यांना इंग्रजीतलं 'क्रेन' म्हणू नका प्लीज, पोरांना बांधकामावरची पिवळी दिसते 😄 पक्षी म्हणा.

निशिगंध_७:
आले. सहा वर्षांची हे कागदी पक्षी करू शकतील का पण?

शाईपेन:
अगं, पाकळीची घडी (एक पदर वर ओढून लांबट हिरा करायची) सहाच्या आत जमत नाही, कागद तिथेच फाटतो. तिथपर्यंत आपण करून द्यायचं, मान मोडणं आणि पंख उघडणं त्यांचं. शिकताना १५ सेंमीचा चौरस, हजार पक्ष्यांच्या माळेला ७.५. चकचकीत गिफ्ट पेपर नको, घडीवर पांढरा पडतो.

जाईजुई:
माळ कशी ओवायची?

शाईपेन:
चाळीस पक्षी एका दोऱ्यात, असे २५ दोरे. सुई पोटाखालच्या भोकातून घालून पाठीच्या टोकातून काढायची.

भटकभवानी:
दोऱ्याच्या तळाला मणी बांधायचा का?

शाईपेन:
बटण. मण्याचं भोक मोठं निघालं की गाठ सटकते आणि चाळीसच्या चाळीस खाली.