मदत हवी: खोदकाम १२ दिवस मागं, अन् स्लॅबची तारीख हलायलाच तयार नाही

राजेहो, यवतमाळ जिल्ह्यात शाळेच्या दोन खोल्यांचं काम चालू आहे. शेड्यूल एमएस प्रोजेक्टमध्ये (कामाचं वेळापत्रक बनवायचं सॉफ्टवेअर). काळी जमीन, पावसानं पायव्याचे खड्डे भरले, अन् काम लांबलं. पण आधीच्या पोरानं जवळपास प्रत्येक कामाला ‘मस्ट स्टार्ट ऑन’ (ठरल्या तारखेलाच सुरू) लावून ठेवलंय. त्यामुळे पाया झाला नसताना स्लॅब जुन्याच तारखेला दिसतो, अन् स्लॅक (हातातला मोकळा वेळ) उणे.

माझा विचार: सगळं ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ (जमेल तितक्या लवकर) करायचं, फक्त लोखंड येण्याच्या तारखेला ‘स्टार्ट नो अर्लियर दॅन’ (त्याआधी सुरू नाही). मार्चअखेरला नुसती ‘डेडलाइन’ (तारीख न बांधता फक्त खूण) दिली तर चालेल ना?

खरी अडचण मजुरांची. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी लागली की निम्मी माणसं शेतात. हे रिसोर्स कॅलेंडरमध्ये (मजुरांच्या कामाच्या दिवसांचं कॅलेंडर) टाकू, की कामाचे दिवसच वाढवू?

अजून एक. स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ४.५ मीटरपेक्षा मोठा, म्हणून खालचे टेकू १४ दिवस ठेवायचे. लॅग (दोन कामांमधली थांबायची मुदत) १४ दिला तर सुट्ट्या वगळून मोजतो (आमची सुट्टी रविवारी नाही, बाजाराच्या दिवशी!). सिमेंटला कसली सुट्टी? इथं ‘इलॅप्स्ड डेज’च (सुट्ट्या धरून सलग दिवस) द्यायचे का?

ज्यांनी असं शेड्यूल निस्तरलंय त्यांनी सांगा भाऊ. सोमवारी साहेबांना दाखवायचंय.