कर्णाला द्रोणांनी हाकललं नव्हतं

‘सूतपुत्र म्हणून द्रोणांनी दारातूनच परत पाठवलं, म्हणून कर्ण आपला वाटतो’ असं म्हटलं जातं. वाटणं मान्य, पण मूळ महाभारतात असं नाहीये. आदिपर्वात द्रोणांकडे शिकायला आलेल्यांत राधेयाचं, म्हणजे कर्णाचंही नाव आहे. नकाराची गोष्ट शांतिपर्वात येते, तीही फक्त ब्रह्मास्त्रापुरती. स्वयंवरातलं द्रौपदीचं ‘नाहं वरयामि सूतम्’ (मी सूताला वरणार नाही) तर भांडारकर संस्थेच्या चिकित्सित, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या आवृत्तीत मुख्य संहितेत नाहीच, खाली पाठभेदांत गेलंय.

शाळेत असताना कर्णासाठी मीही उशी भिजवलीय. पुढे वनपर्वात घोषयात्रेपाशी, म्हणजे गुरं पाहायच्या निमित्ताने कौरव वनात जातात तिथे, अडखळलो. गंधर्व कर्णाच्या रथाचे तुकडे करतात आणि हा ढाल-तलवार घेऊन दुर्योधनाच्या भावाच्या, विकर्णाच्या रथावर चढून चक्क निसटतो. दुर्योधन मागे गंधर्वांच्या हाती! तेव्हा राग आला तो कर्णाचा नाही, व्यासांचा.