फौज आलीच नाही तर? युद्धांनी मोडलेलं जग आणि १९३० चं सोलापूर

हिप्परगा

पर्यायी इतिहासाचं एक जग उभं करतोय आणि त्यावर भांडायला माणसं हवी आहेत. मराठीत असा विषय काढला की गाडी पानिपतावर जाऊन थांबते. मला पानिपत नको. माझा फाटा १९१७ ला फुटतो. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरतच नाही, युद्ध १९२१ पर्यंत रेंगाळतं, तह कुणालाच मान्य नसतो आणि १९२६ ला दुसरं पेटतं. १९३० उजाडेपर्यंत लंडन आणि हॅम्बुर्ग नावापुरती उरलेली, निम्म्याहून जास्त जहाजं समुद्राच्या तळाशी, व्यापार ठप्प.

आता गावाकडे या. आपल्या इतिहासात ८ मे १९३० ला गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले, लोक खवळले, पोलीस गाव सोडून गेले आणि तीन-चार दिवस सोलापूर स्वयंसेवकांनी चालवलं. १२ मेला मार्शल लॉ लागला, गांधी टोपी घालणंसुद्धा गुन्हा झाला. पुढे १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. माझ्या जगात १२ मेला फौज येत नाही, कारण पाठवायला ती उरलेलीच नाही. मग १३ तारखेला सकाळी गाव काय करतं?

माझं मत असं की हे जग नकाशावरून बांधू नये. कोणी कुठला प्रांत गिळला हे पानंच्या पानं सांगणाऱ्या कथा मी अर्ध्यात सोडतो. एक गाव धरावं, त्याला बाहेरून काय यायचं बंद झालं ते बघावं आणि मग जगाकडे जावं. माझा अंदाज, गिरण्या पडतील, हातमाग तरेल. खोडून दाखवा.

काटेकोर

सपशेल असहमत. गावावर मेहनत घेतलीत, पण पायाच कच्चा आहे.

एक तर अमेरिका उतरली नाही म्हणून युद्ध लांबत नाही, उलट लवकर गुंडाळावं लागतं. १९१७ च्या सुरुवातीला ब्रिटनकडचे डॉलर संपत आले होते. अमेरिका एप्रिलमध्ये उतरली आणि तिच्या सरकारने कर्ज मोकळं केलं, म्हणून गहू आणि दारूगोळा येत राहिला. तो नळ बंद म्हणजे १९१८ पर्यंत कसाबसा तह. तुमचं १९२१ कुठून आणलंत?

आणि समजा, आणलंत. मग १९३० चा मीठ सत्याग्रह तसाच, गांधीजींची अटक तशीच, ८ मे ही तारीखसुद्धा तशीच? तेरा वर्षं जग वेगळ्या वाटेने गेलं आणि सोलापूरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र आपलंच राहिलं. ही सोय झाली, इतिहास नव्हे.

शेंगाचटणी

काय बे, सगळी दुनिया बेचिराख करून शेवटी बघायचं काय, तर आपल्या गावात नळाला पाणी कवा येणार! ते तर आत्ता पण बघतोयच की.

हिप्परगा

@काटेकोर, तारीख मी मुद्दाम ठेवली आहे. वाचकाच्या पायाखाली एक तरी ओळखीची फरशी लागते. चार हुतात्म्यांचे पुतळे रोज बघणाऱ्या माणसाला 'ते जगले' एवढं सांगितलं की त्याच्या मनात जे हलतं, ते '१९२७ च्या मार्चमध्ये कुठलासा उठाव झाला' असं सांगून हलणार नाही. फुलपाखराचा हिशेब, म्हणजे एका छोट्या बदलाने पुढचं सगळंच बदलतं हा नियम, शेवटपर्यंत लावायचा तर १९१७ नंतर जन्मलेलं एकही माणूस तेच राहणार नाही. मग लिहायचं कुणाबद्दल?

काटेकोर

वाचकाच्या मनात काय हलतं हा मुद्दा मान्य. पण मोठं गणित टाळलंत तर तुमचं गावच खोटं पडतं, ते कसं बघा. युद्धात चांदी एवढी महागली की ३० नोव्हेंबर १९१७ ला सरकारला एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. १९१८ च्या वसंतात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला लागले आणि सरकारी तिजोरी आटत चालली. तेव्हा अमेरिकेने आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवून चांदी हिंदुस्थानला विकली. सुमारे २० कोटी औंस! तुमच्या जगात इतक्या तातडीने ती चांदी देणारं कोण आहे? कुणीच नसेल तर नोटेवरचा भरवसा १९१८ लाच उडाला. पगाराच्या दिवशी गिरणीच्या खिडकीत कामगाराच्या हातात कागद पडतो आणि वाणी तो घेत नाही. तुमची गोष्ट बारा वर्षं आधीच सुरू झालेली आहे, तुम्हाला ती दिसली नाही कारण वॉशिंग्टनकडे बघायचंच नाही असं ठरवून बसलात.

हिप्परगा

हा प्रसंग मी उचलणार, आधीच सांगून ठेवतो. पण तो तुम्ही मला पगाराच्या खिडकीतूनच दाखवलात. मी वेगळं काय म्हणत होतो?

कोरडवाहू

तुमचं दोघांचं चालू द्या. मला पोटाचं बोलायचं आहे.

मे महिन्यात स्वतंत्र होणं सोपं असतं. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, त्यामुळे मेमध्ये पेवं, म्हणजे जमिनीतली धान्याची कोठारं, भरलेली असतात. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर ज्वारी येते. तिला ना कालवा लागतो ना विलायती खत. जगाचा व्यापार बुडाला तरी तिला पत्ता लागणार नाही. त्यामुळे पहिलं वर्ष निभेल. पण लाखाच्या वर वस्ती असलेलं शहर आणि एक हस्त नक्षत्र कोरडं गेलं की संपलं. तेव्हा बाहेरून धान्य आणणारी रेल्वे चालू आहे का, हा खरा प्रश्न.

पेव दाखवणार असाल तर नीट दाखवा. नुसता खड्डा नसतो तो. आत कडब्याचं अस्तर, वर मातीने लिंपलेलं तोंड. उघडल्यावर लगेच कुणी उतरत नाही. आत साठलेल्या हवेने माणूस जागच्या जागी मरतो. तोंड उघडं ठेवून वाट बघायची, मग दोरीने कंदील सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. आता विचार करा, नवीन पंचायतीची पोरं एखाद्या सावकाराचं पेव जप्त करायला गेलीत, मागे भुकेली गर्दी रेटतेय आणि कंदील विझतोय. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ते आपण भक्तिभावाने सांगतो. उघडताना काय होतं ते कोण लिहितं?

शेंगाचटणी

ज्वारी गेली तर ऊस हाय की ओ. गूळ विकून जगू.

कोरडवाहू

कुठला ऊस? उजनी धरण १९८० चं. १९३० ला तुमच्याकडे एकरुखचा तलाव आणि विहिरी. आजचा हिरवा जिल्हा डोळ्यापुढून पुसा आधी.

धोटा

आमच्या घरात तीन पिढ्या माग होता, म्हणून 'गिरण्या पडतील, हातमाग तरेल' वाचून राहवलं नाही. हे वाक्य भाषणात ऐकायला लय छान वाटतं. हातमागाला सूत लागतं आणि आमच्या मागवाल्यांचं सूत गिरणीतूनच यायचं. गिरणी पडली की पाठोपाठ माग.

आणि गिरणी कशाने पडते? बॉम्बने नाही. रिंग फ्रेमवर सूत पिळताना एक ट्रॅव्हलर फिरतो. नखाएवढी तारेची कडी, वजन नसल्यासारखं. काही आठवड्यांत झिजते आणि फेकावी लागते. एका गिरणीत अशा हजारो. त्या काळात हे सगळं विलायतेहून यायचं. मँचेस्टर बुडालं की शिलकीतल्या कड्या संपेपर्यंतच सूत. मग गावातला सोनार किंवा लोहार ती कडी हाताने वळायला बसतो, पण वजनात जरा फरक पडला की धागा तुटतो नाहीतर ढिला राहतो. माझ्या मते तुमच्या कथेचा नायक तो कारागीर असावा, पुढारी नव्हे.

रंगाचंही तेच. १९१४ पूर्वी जगाला रंग पुरवायची जर्मनी. युद्ध लागलं, भाव आभाळाला भिडले आणि कृत्रिम रंगापुढे मेलेली नीळ थोड्या दिवसांसाठी पुन्हा शेतात आली. तुमच्या जगात ती परत गेलीच नसती. तेव्हा चादरी रंगवायच्या त्या निळीने आणि आलीच्या मुळ्यांच्या लालाने. भडक हिरवी, गुलाबी चादर दिसली तर मी तिथेच वाचन थांबवेन.

कुंपणापलीकडे

सगळं वाचलं. पेव, चांदी, ट्रॅव्हलर, छान आहे. एक गोष्ट कुणालाच आठवली नाही.

१९३० च्या सोलापुरात सेटलमेंट होती. तारेच्या कुंपणात पारधी, कैकाडी, टकारी अशी 'गुन्हेगार' ठरवलेली माणसं, बायका-पोरांसकट. रोज हजेरी. परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. दिवसा गिरणीत काम, संध्याकाळी परत तारेच्या आत. १८७१ चा तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षांनी. भाग अजून सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो.

तर हिप्परगा, तुमच्या १३ मेच्या सकाळी हजेरी कोण घेतं? पोलीस पळालेत म्हणता. मग तार तुटते, की स्वयंसेवक टोप्या सारख्या करून तिथे पहाऱ्याला उभे राहतात? तुमचं जग खरंच वेगळं आहे की नुसतं झेंडा बदललेलं, ते मला तिथे कळेल.

काटेकोर

हे मात्र माझ्या डॉलरपेक्षा भारी. माझे दोन्ही आक्षेप कायम ठेवून म्हणतो, पहिलं प्रकरण याच हजेरीपासून सुरू करा.

हिप्परगा

आत्ता सुचतंय तसं लिहितो. पहिल्या दिवशी पंचायत ठराव करते, 'परिस्थिती निवळेपर्यंत सेटलमेंटची व्यवस्था पूर्ववत'. त्यातल्या भल्या माणसांनाही यात काही वावगं वाटत नाही. पुढे महिन्याभरात गिरण्यांना माणसं कमी पडतात, रात्रपाळी लावायची असते, म्हणून तार काढतात.

कुंपणापलीकडे

म्हणजे हात हवेत म्हणून दार उघडलं. ही सुटका नाही, भरती आहे. आणि आतली माणसं महिनाभर पंचायतीच्या ठरावाची वाट बघत बसतील असं तुम्हाला का वाटतं? पहारा नाही हे त्यांना पहिल्याच रात्री कळलं असेल. तार आतूनही तुटते.

धोटा

आणि रात्रपाळी चालवणार कशावर? कोळसा सोलापुरात निघत नाही. सिंगरेणीच्या खाणींचा म्हणाल तर तो निजामाच्या राज्यात. चांद्याकडचा (आजचं चंद्रपूर) म्हणाल तर मधे शेकडो मैल रूळ, ते कुणाच्या ताब्यात माहीत नाही. लातूरचा कापूस बारशी लाइट रेल्वेने यायचा, ते लातूरही निजामाचंच. नळदुर्ग, तुळजापूर ओलांडलं नाही तोवर त्याची हद्द लागते. तुमची पंचायत निजामाकडे आधी काय मागायला जाते, कोळसा की कापूस? आणि बदल्यात देते काय?